नऊ वॅट

१

हिवाळा लागला की या खोऱ्यात वीज पाहुणीसारखी येते. पहाटे पाचला आली की आठला जाते, संध्याकाळी पाचला आली की नऊला. मधल्या वेळात ज्याचं त्याने बघावं. त्यामुळे उस्तो कोदिरला, म्हणजे कोदिर मिस्त्रीला, कामाची ददात नव्हती. छपरावर दोन पॅनल, कोपऱ्यात बॅटरी, भिंतीवर इन्व्हर्टरचा डबा, चार दिवे आणि फोनसाठी एखादा पॉइंट, हे एवढं त्याने आजवर दोनशे घरांत तरी बसवलं असेल. फक्त सख्ख्या बहिणीच्या घरात बसवलं नव्हतं.

बहिणीची, मोहिनिसोची, बॅटरी ऑक्टोबरपासून त्याच्या दुकानात पडून होती. तिचा एकुलता एक मुलगा शोदी रशियात बांधकामावर होता. आईचा फोन जुना, वीज गेली की दोन तासांत मान टाकायचा, आणि शोदीला सवड मिळायची ती नेमकी वीज नसताना. "मामा, झालं का आईचं काम?" दर आठवड्याला तो कोदिरला फोनवर विचारायचा. "करतो रे, घरचंच तर आहे," कोदिर म्हणायचा. घरचंच तर आहे म्हणून आधी शाळेच्या मास्तरांचं झालं, मग चक्कीवाल्याचं, मग पलीकडच्या गावातली सहा घरं झाली.

आता मंगळवारी सकाळी कोदिरने तीच बॅटरी गाडीत चढवली. शोदी रविवारी परांचीवरून पडून गेला होता. खोलीत बरोबर राहणाऱ्या इदीबेकने त्याच रात्री फोन केला होता. पेटी विमानाने राजधानीत यायची आणि तिथून गाडीने गावात. गुरुवार उजाडणार होता.

सोमवारीच कोदिर गावातल्या वडीलधाऱ्या बोबो ईसोंकडे जाऊन आला होता. त्यांनी नेहमीचंच सांगितलं. परमुलखात माणूस गेला तर पेटीची गाडी बोगदा ओलांडून खोऱ्यात उतरेपर्यंत आईला कळू द्यायचं नाही. रडायला समोर काही तरी हवं, रिकाम्या उंबऱ्याकडे बघून बाईने तीन तीन दिवस कसं रडावं? आणि बातमी द्यायची ती मामाने, आईच्या सख्ख्या भावाने. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

"तू ती बॅटरी बसव," बोबो ईसो म्हणाले. "घरात वावरायला कारण मिळेल. कुणी आगाऊ बाई येऊन काही बोलणार नाही. आणि गुरुवारी माणसं येतील शे-दोनशे, उजेड लागेलच."

कोदिरने पिशवी भरली. पक्कड, टेस्टर, चिमट्याचं मीटर, तारांची भेंडोळी. आणि सगळ्यात खाली, घडी करून, काळ्या-निळ्या कापडाचा कमरबंद. मयताच्या घराबाहेर उभं राहताना पुरुष बांधतात तो. गुरुवारी धावपळीत विसरायला नको म्हणून त्याने तो आधीच टाकून ठेवला.

२

"आलास?" दारातच मोहिनिसो म्हणाली. "मला वाटलं, बॅटरीला दाढी फुटल्यावर आणशील."

"काम फार होतं गं, निसो."

"हो ना. अख्ख्या खोऱ्यात उजेड पाडलास, आता बहिणीचं घर सापडलं. आणि तोंड का असं? बॅटरी बसवायला आलायस की कुणाला फाशी द्यायला?"

कोदिर हसला. तो लगेच शिडी लावून छपरावर चढला.

काम रोजचं होतं, हात आपोआप चालत होते. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, चांगले उभे ठेवायचे, म्हणजे बर्फ साचत नाही, घसरून पडतं. तारा खाली घ्यायच्या. बॅटरी आधी जोडायची, पॅनल नंतर. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जाड आणि आखूड. तीन खोल्यांचं घर, तीन वेगळ्या लाइनी, प्रत्येकीला आपापला खटका. पहिला स्वयंपाकघराचा, दुसरा बैठकीच्या खोलीचा. तिसरा त्याने लावणारच नव्हता.

"शोदीच्या खोलीत पॉइंट नको?" निसो म्हणाली.

"तिथे कोण आहे आता?"

"आता नसेल, येईल तेव्हा? आल्या आल्या पहिल्यांदा चार्जर शोधतो तो. आईच्या गळ्यात पडायचं नंतर. तिथे पॉइंट पाहिजे, दादा. आणि तिथला पॉइंट कधी बंद ठेवायचा नाही."

कोदिर ड्रिल घेऊन शेवटच्या खोलीत गेला. खोली झाडलेली होती. भिंतीला गुंडाळलेली गादी, खिडकीत शोदीचा जुना चार्जर, वायर नीट वेटोळं करून ठेवलेली. खिडकीच्या वर खिळ्याला पांढऱ्या फडक्यात एक नान टांगलेला होता. दोन वर्षांपूर्वी निघताना शोदीने त्याचा एक घास तोडला होता आणि उरलेला आईने टांगला होता. परत येणारा येतो आणि आपला उरलेला नान खातो, तोवर त्याला कुणी हात लावत नाही. फडकं थोडं सरकलं होतं. वाळून दगड झालेल्या नानाच्या कडेला दातांची ती एक अर्धगोल खूण कोदिरला दिसली. त्याने पटकन पाठ फिरवली आणि भोक पाडायला घेतलं. भिंतीचा चुना सगळीकडे उडाला.

"निसो, पिशवीतली काळी पट्टी दे गं!" त्याने हाक मारली.

निसोला यायला जरा वेळ लागला. चिकटपट्टी त्याच्या हातात देऊन ती काही न बोलता परत गेली. तिच्या तोंडची टोमण्यांची सरबत्ती थांबली होती हे कोदिरच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याचं लक्ष चुन्याकडे होतं.

दहाच्या सुमाराला सगळं जोडून झालं. वीज दोन तासांपूर्वीच गेलेली. त्याने इन्व्हर्टर चालू केला. स्वयंपाकघरातला दिवा लागला, बैठकीतला लागला. निसोने फोन लावून बघितला, भरायला लागला. मग त्याच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्याने सगळं बंद केलं, फोन काढला. सगळं बंद असताना डब्यावरचा लोडचा आकडा शून्य दिसला की काम संपलं, घरधन्याकडून चहा घ्यायचा.

आकडा शून्य नव्हता. नऊ होता. नऊ वॅट.

३

याला घाबरण्यासारखं काही नव्हतं. नवीन कामात कुठे तरी काही तरी राहतं. डबा स्वतःला लागणारी वीज या आकड्यात धरत नाही, म्हणजे घरात कुठे तरी काही चालू होतं. कोदिरने पहिला खटका पाडला. नऊ. दुसरा पाडला. नऊ. तिसरा पाडला. शून्य.

तिसरा परत वर केला. नऊ.

तो शेवटच्या खोलीत गेला. खिडकीतला चार्जर आता भिंतीतल्या नव्या पॉइंटमध्ये होता. वायर सरळ खाली लोंबत होती आणि तिच्या टोकाला काहीही नव्हतं.

निसोने लावला असणार. येईल तेव्हा, येईल तेव्हा म्हणत असते, लावून मोकळी झाली. पण रिकामा चार्जर इतकी वीज खात नाही, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. त्याने चार्जरला हात लावला. चांगला गरम होता. टोक बोटात धरलं, तेही कोमट होतं.

'आतून जळलाय,' कोदिर स्वतःशी म्हणाला. स्वस्तातला माल, आत काही तरी चिकटलं असेल. त्याने तो उपटला, वेटोळं करून खिडकीत ठेवला आणि बाहेर येऊन डब्याकडे बघितलं. शून्य. झालं, एवढंच तर होतं.

"चार्जर खराब आहे त्याचा," तो चहा पिताना निसोला म्हणाला. "लावू नकोस. आग लागेल."

"मी कुठे लावला?" निसो म्हणाली. तिने त्याच्या वाडग्यात लोणी घालून खारट शिरचाय ओतला आणि नान मोडून पुढ्यात ठेवला. नान मोडताना तिचे हात अगदी सावकाश चालत होते. "मी त्या खोलीत तू काम करत होतास तेव्हा आले, ती शेवटची."

"मग काय मी लावला?"

"तू विसरला असशील. आजकाल विसरायला लागलायस."

हे खरं होतं. दोन रात्री त्याला धड झोप नव्हती. लावला असेल आपणच, पॉइंट तपासायला. नेहमी तपासतोच की. कोदिरने चहा संपवला. चहात मीठ जास्त होतं की कमी, हेही त्याला कळलं नाही.

४

बुधवारी तो अर्थिंगची तार टाकायचं निमित्त काढून आला. अर्थिंग कालच टाकून झालं होतं. निसोने विचारलं नाही. ती अंगणातल्या तंदूरपाशी पीठ मळत बसली होती. एका बाईला लागतं त्याच्या दसपट पीठ होतं.

"एवढं कशाला?" कोदिरने विचारलं.

"थंडी आहे. टिकतं."

घरात शिरला तर डब्यावर नऊ.

या खेपेला तो चिडलाच. तरातरा शेवटच्या खोलीत गेला. चार्जर पॉइंटमध्ये, वायर खाली लोंबलेली. पांढऱ्या चार्जरवर मळकट पांढरं बोट उमटलेलं होतं. कालचा चुना, दुसरं काय. त्याने अंगठ्याने पुसलं. चुना भुरभुरीत असतो, हे चिकट आणि राखाडी होतं, बोटाला खरखरीत लागलं. कोदिरने आयुष्यात पुष्कळ सिमेंट हाताळलं होतं. त्याने बोट पॅन्टला पुसून टाकलं आणि त्याचा विचार केला नाही.

पिशवीतून त्याने कोरा चार्जर काढला, पाकीट फोडलं, जुना काढून नवा लावला. टोक रिकामं. पॉइंटकडे येणाऱ्या एका तारेवर चिमट्याचं मीटर धरलं.

घड्याळाचा एक सेकंद गेला असेल. मग मीटरवर आकडा चढला. नऊच्या हिशोबाने जेवढा चढावा तेवढाच.

कोदिर तिथेच जमिनीवर बसला. मीटर खराब असेल. पण डबाही तेच दाखवतोय. डबा खराब असेल. दोन्ही एकदम? तार कुठे ओलीत जातेय का? भिंत कोरडी आहे. तो एकेक कारण काढत होता आणि एकेक बाजूला ठेवत होता, आणि बाजूला ठेवलेल्यांचा ढीग वाढत होता.

बाहेर येऊन तो डब्यासमोर उभा राहिला. पाऊण तास झाला तरी नऊ. मग आठ झाला. थोड्या वेळाने सात. मग पाच.

दोनशे घरांत हे त्याने पाहिलं होतं. लोक फोन लावतात आणि गप्पा मारत बसतात, आणि हा डब्याकडे बघत बसलेला असतो. रिकामा फोन आधी अधाशासारखा ओढतो. मग पोट भरत येतं तशी ओढ कमी होते. आठ, सात, पाच, तीन, एक. आणि भरला की शून्य. खराब चार्जर असा वागत नाही, ओली तार असं वागत नाही. भरत आलेला फोन असा वागतो.

चार झाले. तीन झाले. घर शांत होतं. तंदूरपाशी निसो पीठ आपटत होती, तो आवाज लांबून येत होता. आणि त्याच्यामध्येच, जवळून, शेवटच्या खोलीच्या बंद दारामागून दुसरा आवाज आला. कडक वाळलेला नान दाताखाली मोडतो तसा. एकदा. मग चावण्याचा, सावकाश, बराच वेळ.

उंदीर. हिवाळ्यात उंदीर घरात येतात.

कोदिरने दार ढकललं नाही. त्याने हात लांब करून तिसरा खटका पाडला. डबा शून्यावर आला आणि आतला आवाजही थांबला. खटका पडल्यावर उंदीर कसा गप्प बसेल, असा विचार त्याच्या मनात आला. तो तसाच बूट घालून बाहेर पडला.

५

नदीच्या पुलावर जाऊन त्याने इदीबेकला फोन लावला. वारा असा सुटला होता की कान बधिर व्हावेत.

"त्याचा फोन कुठे आहे रे?"

"कुणाचा, उस्तो?"

"शोदीचा."

"त्याच्याबरोबरच आहे. कपडे, पाकीट, फोन, सगळं एका पिशवीत बांधून पेटीत ठेवलंय, मोहोर लावून. बंदच आहे फोन. चार्जिंग नव्हतंच त्यात." मग त्याचा आवाज फुटला. "त्याच पायी तर... शुक्रवारी त्याने आईला फोन लावला होता, लागला नाही. तिचा बंद. रविवारी सकाळी वर चढताना म्हणाला, माझाही उतरलाय, संध्याकाळी गेल्यावर आधी चार्ज करतो आणि आईला लावतो. मी म्हटलं, माझ्यावरून कर. तर म्हणे, नको, आईशी बोलायला बसलो की तासभर लागतो, तुझं बिल वाढेल. हसत चढला वर."

कोदिर पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला. शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी तो चक्कीवाल्याच्या छपरावर जादाचा तिसरा पॅनल बसवत होता. निसोची बॅटरी दुकानात होती. ती बॅटरी शुक्रवारी घरात असती, तर निसोचा फोन चालू असता. एवढं साधं होतं. दोन तासांचं काम. दोन तासांच्या कामापायी आई-लेकाचं शेवटचं बोलणं हुकलं.

तो तिथेच रडला. मोठ्याने, लाज न बाळगता. पुलावरून गाढव घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि काही न विचारता छातीवर हात ठेवला. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

६

गुरुवारी दीड वाजता बोबो ईसोंनी कोदिरला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"गाडीने बोगदा ओलांडला," ते म्हणाले. "पाव तासात येईल. जा आता. सांग तिला."

गल्लीत पुरुष जमायला लागले होते. भिंतीच्या कडेने, गप्प, हात पोटाशी बांधून. कमरबंद अजून कुणी बांधले नव्हते. घरच्या माणसाने बांधल्याशिवाय बाकीचे बांधत नाहीत. सगळे कोदिरकडे बघत होते.

घरात निसो डब्यासमोर खाली बसली होती. धुतलेला झगा, डोक्याला पांढरा रुमाल, मांडीवर तिचा फोन. डब्यावर आठ होता.

"निसो," कोदिर म्हणाला. तो तिच्यासमोर बसला. "निसो, मला तुला..."

"हळू बोल."

"मला सांगायचंय..."

"मला ठाऊक आहे, दादा," ती म्हणाली. "मंगळवारी चिकटपट्टी काढायला तुझ्या पिशवीत हात घातला, तेव्हाच कळलं. दिवे लावायला येणारा माणूस कमरबंद घेऊन येत नाही."

तीन दिवस. तीन दिवस ही आपल्याला चहा देत होती, नान मोडून देत होती. तंदूरपाशी स्वतःच्या मुलाच्या मयताचं पीठ मळत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे माझ्यासाठी एवढं जपून वागत होतात. म्हटलं, जपू द्यावं." तिने डब्याकडे बघितलं. आठचा सात झाला होता. "आणि मी रडले असते तर त्याने ऐकलं असतं."

"कुणी?"

निसोने शेवटच्या खोलीकडे मान वळवली. दार लावलेलं होतं.

"तू पॉइंट बसवलास ना, त्याच दिवशी आला," ती हळूच म्हणाली. "तू त्या खोलीतून बाहेर आलास आणि हा आत होता. मी गेले नाही आत. आईला कळतं. बूट काढायची त्याची सवय, एक इथे, एक तिथे, तसा आवाज झाला. मग चार्जर लावला. नेहमीसारखा. आईकडे बघायचं सोडून आधी चार्जर."

"निसो, असं नसतं गं," कोदिर म्हणाला. "चार्जर खराब आहे. तारेत कुठे तरी..."

"दोनदा तू बंद केलंस." आता पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "मंगळवारी चार्जर उपटलास, काल खटका पाडलास, तो मी परत वर केला. लेकराचा फोन भरत आला की तू मध्ये येतोस. ऑक्टोबरपासून तो तुला विचारत राहिला आणि तू घरचंच आहे म्हणत राहिलास. आणि आता भरू पण देत नाहीस."

कोदिरने मान खाली घातली. तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"मला क्षमा कर," तो म्हणाला.

"ते नंतर." तिने त्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. "तुला समजत नाहीये, दादा. त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याला अजून ठाऊकच नाहीये. कामावरून आलाय, फोन भरतोय, भरला की आईला लावणार आहे. आई, सुखरूप आहे, म्हणणार आहे." तिने मांडीवरचा फोन उचलून त्याला दाखवला. तिने तो बंद केला होता. ज्या फोनसाठी सगळा हिवाळा डोळ्यांत प्राण आणून बसली होती, तो फोन तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता. "त्याने लावला तर मी काय बोलू? मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. आणि खरं सांगायचं काम आईचं नाही."

डब्यावर चार झाले.

"बातमी मामाने द्यायची असते," निसो म्हणाली. "गाडी यायच्या आत. पेटी दारात बघून त्याला कळलं तर कसं वाटेल त्याला? एकटा आहे रे तिथे. जा. समजावून सांग. तुझं ऐकतो तो."

कोदिरला वाटलं, उठावं, बाहेर जावं, बोबो ईसोंना सांगावं की बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय, चार बायकांना आत पाठवा. तेच शहाणपणाचं होतं. आकड्याला हजार कारणं असतात. पण तीन झाले होते, आणि दाराआड नान मोडला. कडक, वाळका, दोन वर्षांचा. निसोनेही तो आवाज ऐकला. ती घाबरली नाही. तिचा चेहरा मऊ झाला. मूल जेवत असताना बायकांचा होतो तसा.

कोदिरने पिशवी ओढली. तारा बाजूला केल्या आणि तळाचा कमरबंद काढला. गाठ बसेना. निसोनेच पुढे होऊन ती बांधून दिली. वडिलांच्या मयताला तो उभा राहिला होता तेव्हाही तिनेच बांधली होती.

दोन. लांबून, नदीच्या वळणावरून, गाडीचा आवाज आला. गल्लीतली कुजबुज थांबली.

तो दारापाशी गेला. कडीला हात लावला तेव्हा मागे वळून बघितलं. निसो डब्याकडे बघत होती, ओठ हलत होते. एक, असे ओठ हलले. मग काहीच नाही. आणि आत पॉइंटमधून चार्जर काढल्याचा बारीकसा आवाज झाला.

कोदिरने दार उघडलं.

खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड आत येत होता. खिळ्याला नुसतं फडकं लोंबत होतं. गादी उलगडलेली होती आणि तिच्यावर कुणी तरी बसल्याचा खळगा होता. दाराच्या फळीमुळे बाकीचं झाकलेलं होतं. दिसत होता तो फक्त एक हात, मनगटापर्यंत सिमेंटने राखाडी झालेला, वायर गुंडाळून नीट वेटोळं करत असलेला. आईने शिकवलं होतं तसं.

गल्लीत गाडीचे ब्रेक लागले.

हात थांबला. दाराच्या फळीआडून आवाज आला, दमलेला, थोडा चेष्टेचा, दर आठवड्याला यायचा तोच.

"मामा? झालं का आईचं काम?"

कोदिरला वाटलं होतं की आपले पाय पळतील. ते पळाले नाहीत.

"झालं रे, बाळा," तो म्हणाला. तो आत गेला आणि निसोला ऐकू जाऊ नये म्हणून दार आतून ओढून घेतलं. "जरा सरक. मला बसू दे. तुला एक सांगायचंय."